चाळिसावी टाचणी

ताईंना संस्थेत सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची नऊ प्रमुखाच्या खुर्चीत. आल्या होत्या टायपिस्ट म्हणून. लोकांचे अर्ज टाइप करता करता त्यांच्या लक्षात आलं, की अर्ज कुणी वाचत नाही, तो घेऊन कोण उभं आहे ते बघतात. मग त्या स्वतःच उभ्या राहायला लागल्या. नळाचं काम असो की शाळेच्या दाखल्याचं, ताई साहेबाच्या टेबलासमोर ठाण मांडायच्या आणि साहेब वैतागून सही करून टाकायचा. त्यांचा नवरा म्हणायचा, "हिला नाही म्हणण्यापेक्षा सही केलेली परवडते, हे मला लग्नातच कळलं होतं."

संस्था काढली होती दादांनी. महासंशयी माणूस. ऑफिसच्या भिंतीवर साधं कॅलेंडर लावू द्यायचे नाहीत. "ज्याला काम बघायचंय त्यानं वस्तीत पायी जावं," म्हणायचे, आणि देणगीदारांना बुटांसकट चिखलातून फिरवून आणायचे. ताई तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण मनात हसायच्या. दादा गेले, खुर्ची ताईंकडे आली, आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी भिंतीवर वस्तीचा नकाशा लावला. हातानं काढलेला, घर न् घर दाखवणारा, पाहुण्याच्या खुर्चीच्या अगदी समोर. आपलं काम उघडं आहे, लपवायचं काय? चांगल्या माणसांना हा प्रश्न फार सोपा वाटतो.

यंदा त्या वस्तीवर संकट होतं. एका कंपनीला तिथे गोदामं बांधायची होती, आणि लोकांना हुसकावून लावायच्या आत कोर्टात जायचं म्हणून ताई दारोदार सह्या गोळा करत होत्या. सही झाली की नकाशावर त्या घराला लाल टाचणी. टाचण्याही वस्तीतल्याच, शिंप्यानं दिलेल्या. बरोबर चाळिसांची डबी होती.

शिंप्यानं डबी दिली, सही मात्र दिली नाही. नाकासमोर चालणारा माणूस. याआधी दोन ठिकाणांहून बायकामुलांसह बाहेर काढला गेलेला. "ताई, सांगाल ते फुकट शिवून देतो. पण कागदावर नाव नको. माझ्यात आता तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवायचा दम नाही."

सह्या एकोणचाळीसवर थांबल्या. डबीत एकच टाचणी उरली होती आणि दुसऱ्या दिवशी संस्थेला देणगी देणाऱ्या ट्रस्टचे पाहुणे यायचे होते. एकोणचाळीस म्हणायला ताईंना कसंतरीच वाटत होतं. आज ना उद्या करेलच की सही, असं म्हणून त्यांनी ती टाचणी शिंप्याच्या घरावर टोचली आणि हात झटकले.

ट्रस्ट जुनाच, पण पाहुणे नवीन होते. बोलणं मऊ, कपड्यांना एक सुरकुती नाही. वस्तीत येण्याचा आग्रह त्यांनी हसून टाळला. लोकांबद्दल एक प्रश्न विचारला नाही. नकाशासमोर मात्र बराच वेळ उभे राहिले.

"प्रत्येक टाचणी म्हणजे एक घर ना, मॅडम?"

"हो. चाळीस घरं," ताई अभिमानानं म्हणाल्या.

"फारच छान. फोटो घेतला तर चालेल?"

ताईंनी उजेडासाठी खिडकी उघडून दिली.

नवव्या दिवशी सकाळी वस्तीतून फोन आला. दारांवर नोटिसा लागल्या होत्या: घर धोकादायक आहे, सात दिवसांत रिकामं करा. ताई धावत गेल्या. नोटीस सगळ्यांना नव्हती. एका दारावर होती, शेजारच्या दोन दारांवर नव्हती, मग पुन्हा एका दारावर. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि विसाव्या दाराशी त्या थांबल्या. वीसच्या वीस घरं सही केलेली होती. सह्यांचा कागद अजून कोर्टात गेलाच नव्हता. तो ऑफिसच्या कपाटात होता आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

कुणीतरी फुटलं असेल, असं त्यांनी स्वतःला चार पावलं समजावलं. मग शिंप्याचं घर आलं. त्याच्याही दारावर नोटीस होती.

शिंपी मशीनपाशी बसला होता, पण मशीन बंद होतं. ताईंना बघून त्याच्या जिवात जीव आला. तेच त्यांना सहन होईना.

"बरं झालं आलात. काहीतरी घोळ झालाय बघा. मी सही केलेलीच नाही! तुमच्याकडे कागद आहे ना? तो दाखवा त्यांना. माझं नाव नाही म्हटल्यावर सोडतील मला."

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. पाहुणेच होते. आवाज तसाच मऊ. "मॅडम, काही घरांना चुकून नोटीस गेली असेल तर वाईट वाटतं हो. सह्यांची मूळ यादी पाठवता का? कंपनीत आपली ओळख आहे. ज्यांची नावं नाहीत, त्यांना लगेच मोकळं करायला सांगतो."

"यादी मिळणार नाही," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शिंपी त्यांच्याकडे बघतच राहिला. "नाही का म्हणालात?"

ताईंनी सगळं सांगितलं. नकाशा, फोटो, उघडलेली खिडकी. त्यांच्याकडे आत्ता नुसती घरं आहेत, एकोणचाळीस नावं हातात दिली तर कोर्टाच्या आधीच एकेकाला गाठतील, हेही सांगितलं. "आणि तुमच्या घरावरची टाचणी मी लावली. एक उरली होती म्हणून. चूक माझी आहे."

आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

"मग माझं काय?" शिंप्यानं विचारलं.

कोर्टात लढू, दुसरी जागा बघू, अशी वाक्यं ताईंच्या तोंडाशी आली. ती त्या इतकी वर्षं लोकांना ऐकवत आल्या होत्या. आज त्यांना ती म्हणवेनात.

शिंपी उठला. मशीनचा पट्टा काढला, गुंडाळला, खिशात ठेवला.

"ताई, माझी डबी तेवढी आणून द्या," तो म्हणाला. "टाचण्या मोजून आणा. एकही तिथे ठेवू नका."