बोजोलेसोबत काय वाढायचं

कळमेश्वर, १० फेब्रुवारी १९७६. जेवायला हजर: कारखान्याचे मॅनेजर, नवं यंत्र बसवायला आलेला फ्रेंच इंजिनियर आणि गेस्ट हाऊसची व्यवस्था पाहणारा मी. स्वयंपाकाला गेस्ट हाऊसचा खानसामा, चार वर्षं हंगामीच.

इंजिनियरने आपल्या मुलखातली बोजोले आणली होती, गामे नावाच्या काळ्या द्राक्षांची लाल वाईन. पाहुण्याला नागपूर कळावं म्हणून मी यादीत सावजी मटण लिहिलं होतं.

खानसामा हळदसुद्धा हुंगून घेतो. पंचशील घेतल्यापासून त्याने दारू चाखलेली नाही. त्याने बाटलीचं बूच हुंगलं आणि माझी यादी परत केली.

"सावजी नको जी. हे हलकी हाय, तो मसाला इले खाऊन टाकीन."

"पीत नाहीस, तरी मोठा जाणकार!"

"तोंड बंद हाय जी, नाक तं उघडं हाय."

मग त्याने मोडक्या इंग्रजीत इंजिनियरलाच विचारलं, तुमच्याकडे हिच्यासोबत काय खातात? उत्तर आलं, कोंबडी. त्याने कांदा, मिरी आणि लोण्यातली कोंबडी केली. ही वाईन जरा गार करून पितात, म्हणून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली.

इंजिनियरने दोनदा वाढून घेतलं. मॅनेजर मला म्हणाले, "मेनू छान निवडलात." मी "थँक्यू" म्हणालो. खानसामा शेजारीच वाढत होता. त्याने माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

कायम करण्याचा त्याचा अर्ज मॅनेजरांच्या टेबलावर आहे. मेनू त्याने ठरवला होता, एवढी दोन ओळींची चिठ्ठी मला त्या अर्जाला जोडायची आहे. आजची बाकी सगळी कामं झाली.