हजारातली नव्वद बुचं

ओतिलिया सतराव्या वर्षी बुचांच्या कारखान्यात लागली, ती बेनविंदामावशीच्या शेजारच्या स्टुलावर. वाइनच्या बाटल्यांची बुचं पुढून सरकत जायची आणि चिरलेलं, किडलेलं, ओलसर वास मारणारं बूच बेनविंदा अचूक टिपून बाजूला फेकायची. कुणाची दहा वर्षं जपलेली बाटली आपल्या बुचानं नासलेली तिला खपायची नाही. पोरीला तिनं वर्षभरात तयार केलं. पुढे पोरगी रात्रशाळेत जायला लागली तेव्हा तिच्या वाटणीची बुचांची पोतीसुद्धा मावशीनंच उरकली.

शिकून ओतिलिया वरच्या मजल्यावर ऑफिसात गेली. काम तुलनेचं. आपल्या कारखान्याची मापं घ्यायची, नावाजलेल्या कारखान्याच्या मापांशेजारी मांडायची आणि काय ठेवावं, काय मोडावं ते मालकाला सांगायचं. तिच्या कागदावर मालकाचा डोळे झाकून भरवसा.

ती सेहेचाळीस वर्षांची असताना मालकानं ठरवलं, निवडीच्या तीन खोल्यांपैकी एक बंद करायची. कुठली, ते ओतिलियानं सांगावं. तिनं उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्याचा आकडा कसोटीला घेतला: हजारात पंचेचाळीस बुचं बाद. आपल्या दोन खोल्या त्याच्या आसपास बसल्या. तिसऱ्या खोलीत नव्वद, शिवाय काम सगळ्यांत हळू. ती बेनविंदाची खोली.

आता हे नव्वद कशामुळे, हे त्या अख्ख्या इमारतीत कुणाला ठाऊक असेल तर ओतिलियाला. फेकलेली बुचं मोजली होती, खराब असून पुढे गेलेली मोजलीच नव्हती. तिनं अहवालाच्या शेवटी एक ओळ लिहिलीही, की पास झालेल्या मालात खराब किती निघतात तेही पाहावं. शेजारच्या टेबलावरच्या नोर्बेर्तोनं मान लांब करून ती वाचली.

"माहेरासाठी नियम बदलतेस वाटतं?"

तो थट्टेत बोलला आणि कॉफी आणायला गेलासुद्धा. हिचे मात्र कान तापले. आपली माणसं वाचवली असं कुणी म्हणेल, या धास्तीनं तिनं ती ओळ पुसून टाकली. निःपक्षपाती दिसायचीही हाव असते, आणि ती भल्या माणसांना फार लवकर लागते. ओतिलियाला तर त्या दिवशी स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, हे सांगितलंच पाहिजे.

मार्चमध्ये खोली बंद झाली. सातजणी घरी गेल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, मालकाच्या दारात कुणी बसलं नाही. ओतिलियाला हायसं वाटलं. तो आठवडाभर ती मागच्या जिन्यानं जात-येत राहिली.

दीड वर्षानं वाइनवाल्यांकडून बुचांची खोकी परत यायला लागली. बाटल्या उघडल्या की ओल्या पुठ्ठ्याचा वास. मालकानं पुन्हा तुलना मागितली. या वेळी तिनं पास झालेली बुचं तपासून घेतली. चालू खोल्यांच्या मालात हजारी एकावन्न खराब. बंद खोलीनं पास केलेली तीन जुनी पोती कोठारात पडून होती. त्यात हजारी दोन. सगळं काम दोन दिवसांत झालं. तेव्हाही दोनच दिवस लागले असते.

रविवारी चर्चमधून ती थेट बेनविंदाकडे गेली. मावशी जाड भिंगांचा चष्मा लावून सूपसाठी कोबीची हिरवी पानं बारीक चिरत होती. ओतिलियानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लिहिलेली ओळ पुसली, तेही.

मावशीनं सुरी खाली ठेवली. "किती म्हणालीस?"

"हजारात दोन, मावशी."

"मग माझे डोळे धड होते." ती पानांकडे बघत राहिली. "दीड वर्षात तीन चष्मे बदलले गं मी. भरतकाम सोडलं."

ओतिलियाला रडू यायला लागलं. "पण तुम्ही भांडला का नाहीत?"

"बायका निघाल्या होत्या मालकाकडे. मीच दारात आडवी आले. म्हटलं, कागद ओतिलियाचा आहे. ती माझ्या हाताखाली शिकलीय, चुकीचं लिहायची नाही. आपलाच हात बिघडला असेल."

मावशीनं तिला बस म्हटलं नाही.

"सहाजणी आहेत अजून," ती म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून घरी बसल्यात. आजच जा, एकेकीला सांग."