कॅपखालची रांगोळी

"इंजिन आपल्या मनानं बिघडत नाही, कोणाचा ना कोणाचा हात लागलेला राहते."

गुणवंत भिसीकर हे इतक्यांदा म्हणाला होता, की फौजेच्या वर्कशॉपमध्ये त्याची नक्कल करायची म्हणजे हेच वाक्य म्हणायचं असं ठरून गेलं होतं. भुवया आत ओढायच्या, डावा डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं. सगळे हसत. गुणवंत हसत नसे. नक्कल करणाऱ्याला आपल्याबद्दल एवढी माहिती कोण पुरवतं, याचा तो विचार करत राही.

हत्यारांच्या पेटीच्या कडीत तो एक काळा दोरा अडकवून ठेवी. सकाळी दोरा जागेवर आहे की नाही ते पाहून मगच पेटी उघडी. जेवणाचा डबा उघडला की आधी वास घेई. रेशनच्या दुकानात तो तराजूकडे पाहत नसे, दुकानदाराच्या अंगठ्याकडे पाही. एकदा कँटीनमध्ये एक वेल्डर म्हणाला, "भिसीकरभाऊ, तुमची सावली आत आली, तिचा गेटपास पाहिला का?" त्या दिवसापासून गुणवंतनं त्या वेल्डरजवळ बसून चहा घेतला नाही.

हे त्याच्यात कुठून आलं ते त्याला माहीत होतं. त्याचा बाप जबलपूरच्या सराफ्यात एका पेढीवर कारागीर होता. संध्याकाळी काम सुटलं की मालक पितळेच्या परातीत पाणी ठेवी. प्रत्येकानं त्यात हात धुवायचे, नखं चोळायची, अंगावरचं फडकं झटकायचं आणि मग उठायचं. ते पाणी रात्रभर निवळत ठेवत. सकाळी तळाशी सोन्याची धूळ सापडे. गुणवंत लहानपणी बापाला आणायला जाई आणि पेढीच्या पायरीवर बसून हे पाही. हातांना लागलेलं सोनं मालकाचं असतं, हात तेवढे आपले, असं बाप सांगे. एके दिवशी हात धुऊन झाल्यावर मालक म्हणाला, "डोकंही भिजवा." बापानं परातीवर मान वाकवली. केसांतून पाणी गळलं आणि पाण्याबरोबर काहीतरी चमकून खाली गेलं. मालक ओरडला नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाला.

"भट्टीपाशी बसलं की सोनं उडते, केसांत बसते," बाप मरेपर्यंत सांगत राहिला. गुणवंतनं त्यावर अर्धा विश्वास ठेवला. उरलेला अर्धा त्याच्या आत कुठेतरी तसाच पडून राहिला, आणि पुढे तो ज्या ज्या माणसाला भेटला त्याच्या वाट्याला त्यातला थोडा थोडा आला.

मागच्या महायुद्धात फौजेला माणसं हवी होती, तेव्हा तो फिटर म्हणून लागला. बापाला बरं वाटलं. लोखंडाचा कीस कोणी परत मागत नाही. त्या वेळी बोथट नाकाचे परदेशी ट्रक नवेकोरे आलेले त्यानं पाहिले होते. पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली तेव्हा तेच ट्रक, आता म्हातारे झालेले, शेडमागच्या गवतातून ओढून बाहेर काढले. इंजिनं खोलून पुन्हा बांधायची आणि गाड्या मागच्या फळीच्या कामाला लावायच्या, असा हुकूम होता. पहिला ट्रक गुणवंतकडे आला. तो पास झाला की बाकीचे त्याच्यामागून जाणार होते.

जबलपुरात तेव्हा खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासलेला होता. नेपियर टाउनात म्हणे कोणाच्या तरी गच्चीवरून दिवा हलवला जात होता. सिहोऱ्याच्या बाजारात वायरलेससकट एक हेर धरला, अशी बातमी आली. तो घड्याळं दुरुस्त करणारा निघाला, ही बातमी मात्र आली नाही. गेटवर झडती दुप्पट झाली. आयुष्यात पहिल्यांदा सगळं जग आपल्यासारखं वागू लागलं आहे, असं गुणवंतला वाटलं, आणि त्याला एक प्रकारचं समाधानही झालं.

त्याचा जोडीदार नीलकंठ वैरागडे. क्वार्टरची भिंत दोघांची एकच होती. नीलकंठ अघळपघळ माणूस, कोणाच्याही पेटीतला पाना उचलणारा आणि स्वतःचा पाना कोणाकडे आहे ते विसरणारा.

ठिणगीचं टायमिंग दोघांनी मिळून बांधलं. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून गुणवंतनं भोकावर अंगठा दाबला, आणि नीलकंठ पुढून हँडल हळूहळू फिरवू लागला. आतली हवा दाबली गेली, तिनं अंगठा वर ढकलला. "थांब. आता दमानं." इंजिनाच्या मागच्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, एक पोलादी गोळी ठोकलेली असते, ती आवरणाच्या खिडकीतल्या काट्यासमोर आली की समजायचं, पिस्टन वर आला. मग गुणवंतनं सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला. तारेला जोडलेला छोटा दिवा पेटला. म्हणजे आतले पॉइंट, ठिणगी पाडणारी टिकल्यांची जोडी, उघडले. ठिणगी याच क्षणी पडायला हवी. आधी पडली तर हँडल उलटून मनगट मोडतं. उशिरा पडली तर इंजिन तापतं आणि चढावर दम सोडतं.

"झकास भाऊ," नीलकंठ म्हणाला. "आता ही पोरगी सासरी नांदते."

वाळूची पोती भरून ट्रक सिहोऱ्याला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी गुणवंतनं दिवा लावून पाहिला, तर तो जरा उशिरा पेटला.

"पॉइंट बसले असतील भाऊ," नीलकंठ म्हणाला. "नवे होते ना. मिळवून घेऊ."

हे खरं होतं आणि गुणवंतला ते नीलकंठपेक्षा जास्त माहीत होतं. पॉइंटची फायबरची टाच दांड्याच्या फिरत्या उंचवट्यांवर, कॅमवर, घासते. नवी टाच पहिल्या धावेत जराशी झिजते, मग पॉइंट उशिरा उघडतात, ते पुन्हा मिळवायचे असतात. दुसऱ्या कुठल्या वर्षी त्यानं मुकाट्यानं मिळवले असते. त्या आठवड्यात मात्र त्याच्या मनात एकच गोष्ट आली: याच्याकडे उत्तर इतक्या लवकर तयार कसं होतं?

त्यानं पॉइंट मिळवले. संध्याकाळी घरी गेल्यावर देवळीतल्या डब्यातून बायकोची, हेमलताची, रांगोळी कागदाच्या पुडीत घेतली आणि पुडी खिशात टाकली. भेडाघाटकडच्या पांढऱ्या गारगोटीची ती भुकटी, दारोदार बाया विकायला आणतात ती. दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यानं डिस्ट्रिब्यूटरची कॅप उघडली, आत एक चिमूट भुरभुरली, पुडी परत खिशात ठेवली आणि कॅप लावून टाकली. जो हात घालील त्याची बोटं पांढरी होतील. पाण्याची परात नव्हती एवढंच.

त्याच सकाळी घरी हेमलता उंबऱ्याशी बसून डबा आपटत होती. ट्रक पुन्हा सिहोऱ्याला जाऊन आला, गुणवंत घरी परतला, तरी तिचा राग उतरला नव्हता.

"अहो, माझी रांगोळी कमी कशी झाली?"

"मी कसा सांगू?"

"मीच सांगते. विनता येऊन गेली काल, नीलकंठभाऊजींची बायको. मागून न्यायला काय होते तिला? मी नाही म्हटलं असतं का? नळावर मी बोललेच तिला, चारचौघीत."

"बोललीस?"

"हो तर. रडायलाच लागली. खोटं पकडलं की रडणारच."

गुणवंत जेवत राहिला. विनतानं नेली नाही हे सांगायचं, तर त्याच्या तोंडात घास होता. घास संपल्यावर सांगायचं राहून गेलं.

पुढल्या दिवशी टायमिंग आणखी मागे सरकलेलं होतं, आणि नीलकंठ नळाशी उभा राहून कापसाच्या बोळ्यानं बोटं पुसत होता. बोटं पांढरी होती.

"काय लागलं रे?"

"काय माहीत भाऊ. भिंतीचा चुना असेल." नीलकंठनं बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. "कॅमवर ग्रीस लावून राहिलो होतो. पार कोरडा होता."

"तुला सांगितलं होतं मी?"

"ग्रीस लावायला काहून सांगावं लागते?"

गुणवंतनं ती बोटं नीट पाहून घेतली. त्याचं काम झालं होतं. पेढीवरच्या मालकाला परातीत चमक दिसली तेव्हा जे वाटलं असेल तेच त्याला वाटलं, आणि ते आपल्याला इतकं आवडावं याचं त्याला नवलही वाटलं. ट्रक चढावर बसला, इंजिन लाल झालं, ड्रायव्हर शिव्या देत परत आला. संध्याकाळी सिक्युरिटीच्या कप्तानसाहेबांनी गुणवंतला बोलावलं.

"आपको किस पर शक है?"

"वैरागडे," गुणवंत म्हणाला, आणि पांढऱ्या बोटांचंही सांगितलं.

सकाळी नीलकंठला गेटवरूनच बाजूला घेतलं. लढाईच्या दिवसांत फौजेच्या गाडीत घात केला, असं एकदा माणसाच्या नावापुढे लागलं की नोकरी जातेच, क्वार्टर जातं, आणि तुरुंगाच्या दारापर्यंतची वाट मोकळी होते. विनता गेटच्या बाहेर पदर तोंडात धरून उभी होती. गुणवंत तिच्यासमोरून आत गेला. त्याला हुकूम मिळाला होता: बिघडवलेला भाग काढा आणि पुरावा म्हणून ऑफिसात आणा.

त्यानं कॅपच्या दोन्ही स्प्रिंगा सोडल्या. पॉइंट काढून फडक्यावर ठेवले आणि उजेडात धरले. डिस्ट्रिब्यूटर कोणी फिरवला नव्हता. त्याचा बोल्ट त्यानं आवळला तसाच होता, त्यावरच्या धुळीलाही धक्का लागलेला नव्हता. फरक होता तो टाचेत. फायबरची टाच झिजून नखाएवढी पातळ झाली होती आणि तिच्याभोवती करड्या रंगाचा लगदा जमला होता.

त्यानं तो लगदा अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळला. बारीक खरखर लागली. ग्रीस आणि दगडाची भुकटी. व्हॉल्व घासून बसवायची पेस्ट तो इतकी वर्षं हातानं लावत आला होता. ती चोळल्यावर बोटांना कशी लागते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं चाकाची गोळी पाहिली, काटा पाहिला, पुन्हा टाच पाहिली. दुसरं काही सापडेना. सापडावं म्हणून त्यानं वायरसुद्धा हातानं चाचपली. पॉइंट बसले होते, एवढंच झालं होतं पहिल्या दिवशी. त्यानंतरचं सगळं त्याच्या खिशातल्या पुडीनं केलं होतं. नीलकंठनं ग्रीस लावलं ते कॅम कोरडा दिसला म्हणून. कोरडा दिसला तो रांगोळीमुळे.

आणि हेही त्याला त्याच वेळी कळलं, की कप्तानसाहेब ज्या माणसाला शोधत होते, इंजिनात बाहेरची वस्तू टाकणारा माणूस, तो सापडला होता. फडकं गुंडाळायला त्याला वेळ लागला.

ऑफिसात टेबलावर काच होती, कोपऱ्यात तिकाटण्यावर हात धुवायचं तामचिनी भांडं. नीलकंठ भिंतीशी उभा होता. टोपी हातात होती आणि ती त्यानं पिळून पिळून सुतळीसारखी केली होती.

"आइए भिसीकर जी," कप्तानसाहेब म्हणाले. मग नीलकंठकडे वळले. "फिर से पूछता हूँ. हाथ में सफेद क्या लगा था?"

"चूना, साहब. दीवार का."

"शेड की दीवार पर चूना है ही नहीं. मैं देखकर आया हूँ."

नीलकंठनं गुणवंतकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर गुणवंतला सोपं गेलं असतं. नीलकंठ मराठीत, भराभर, घरचा निरोप सांगावा तसं बोलला, "भाऊ, रांगोळी म्हणू नका. वहिनी काय बोलल्या ते विनतानं काल रात्री सांगितलं, तेव्हा समजलं मला, बोटांना काय लागलं ते. तुम्हाला सोडणार नाहीत हे लोक. माझं पाहून घेऊ."

"क्या बोला? हिंदी में बोलो!"

"कुछ नहीं साहब. घर की बात है."

"यहाँ घर की बात?" कप्तानसाहेबांचा आवाज चढला. "भिसीकर जी, क्या कहा इसने?"

गुणवंत नीलकंठकडे पाहत होता. या माणसाला यात काय मिळणार, हा प्रश्न सवयीनं त्याच्या मनात आला. त्यानं तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, अंगठा दाबून पाहावा तसा. आत दाब नव्हता. काहीही नव्हतं. बापाच्या केसांतून गळलेलं पाणी त्याला आठवलं, आणि पहिल्यांदाच असं वाटलं, की भट्टीपाशी बसलं की खरंच उडत असेल.

"भिसीकर जी, मैं पूछ रहा हूँ. इसने क्या कहा?"

गुणवंतनं फडकं टेबलावर उलगडलं आणि पॉइंट काचेवर ठेवले. मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली आणि पॉइंटच्या शेजारी पालथी केली. पांढरा ढीग पडला. थोडी भुकटी कप्तानसाहेबांच्या बाहीवर उडाली. गुणवंतनं अंगठ्यावर पॉइंटचं ग्रीस घेतलं, तो ढिगात बुडवला आणि काचेवर चार-दोन वेळा दाबून फिरवला. अंगठा उचलला तेव्हा काचेवर बारीक ओरखड्यांचा एक धुरकट गोल उठला होता. कप्तानसाहेबांनी गोलाकडे पाहिलं, पुडीच्या कागदाकडे पाहिलं, मग गुणवंतच्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं.

"ये... ये आपकी जेब में..."

"भाऊ, काय केलं हे!" नीलकंठ म्हणाला.

बाहेर पहारेवाला होता आणि त्याच्या पलीकडे गेट, जिथे विनता अजून उभी असणार होती. कोपऱ्यातल्या तामचिनी भांड्यात पाणी भरलेलं होतं. गुणवंत त्याच्याजवळून गेला, क्षणभर थबकला, हात न धुता तसेच पांढरे ठेवले, आणि दारातून बाहेर पहारेवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.