पणदऱ्यातला मराठीचा धडा
गोठ्यातल्या ओल्या वैरणीचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. मिझोरामहून धर्मप्रचारक व्हायला बारामतीत आलो, तेव्हा मराठी शिकवणारे सर मला पणदऱ्याला एका म्हातारीच्या सांत्वनाला घेऊन गेले. तिची लेक नुकतीच वारली होती. गोठ्यापाशी बसून ती म्हणाली, “लेक गेली वो, आता माझं कुनी न्हाय.” सर लगेच माझ्याकडे वळले. “हे ‘न्हाय’ अशुद्ध बरं का, ‘नाही’ म्हणायचं.” म्हातारीनं तोंडाला पदर लावला. माझा संताप अनावर झाला. मी ओरडलो, “सर, ती रडत हाय!” ते शांतपणे म्हणाले, “आहे.” त्यांच्याकडे पाठ फिरवून मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. आता मी लोकांना क्षमा करायला शिकवतो. त्या माणसाला मात्र मला अजून क्षमा करता आलेली नाही.