उठलं नाही

छातीरोगाच्या ओपीडीत माझ्या शेजारी एक किडकिडीत मुलगी खोकत बसली होती. परवा क्षयाच्या तपासणीसाठी टोचलेला हात तिने माझ्यापुढे धरला.

"बघा ना आजी, काहीच उठलं नाही!"

टोचलं कुठे तेही कळू नये, इतका नितळ हात. तिचा नवरा हसला. "म्हणजे टीबी नाही. सुटलो!"

मला माझा दंड आठवला. लहानपणी देवीची लस अशी काही उठली, की वण कायमचा राहिला. पुढे बघायला येणाऱ्या मंडळींसमोर ही महाराणी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून घाम पुसत बसायची. दंड नितळ हवा होता ना बाईसाहेबांना! सूज म्हणजे अंगातला राखणदार जागा असल्याची खूण, एवढी अक्कल तेव्हा कुठली.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात पाहिला, मग तिच्या फाइलमधला एचआयव्हीचा रिपोर्ट पाहिला. त्या हसल्या नाहीत.

"एचआयव्हीने शरीराची ताकद गेली, की आत क्षय असूनही हात असा कोरा राहू शकतो. थुंकीची तपासणी आणि एक्स-रे आजच करायचा."

नवरा धावतच पैसे भरायच्या खिडकीकडे गेला. मुलगी मात्र हातावरून बोट फिरवत राहिली, जणू आता तरी काही उठेल.

तेवढ्यात मला डास चावला. मनगटावर टरारून गांधी उठली.

"अगंबाई आजी, केवढी उठली!" ती म्हणाली.

मी घाईघाईने पदर ओढून ती झाकली.