सर्व्हरची खंडेनवमी

काल निगडीला मी बसलो त्या रिक्षात झेंडूचा शिळा हार लटकत होता. तो कुजका वास नाकात गेला आणि एक जुनी खंडेनवमी आठवली.

चाकणच्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. खंडेनवमीला सगळ्या मशीन घासूनपुसून पुजायच्या, ही तिथली रीत. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांना सर्व्हरही आतून स्वच्छ करायची हुक्की आली. ओळखीच्या न वाटलेल्या फायली त्यांनी उडवल्या आणि वर हळदकुंकू वाहून हार घातला.

दसऱ्याची सुट्टी संपली, तर लेबल छापणारा प्रोग्राम उघडेना. पडद्यावर एकच ओळ, लायब्ररी सापडत नाही. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रामना मिळून लागणारी फाईल; साहेबांनी तीच उडवली होती, म्हणून हजेरी, स्टोअर, सगळंच बंद पडलं.

"सायेब, लेबलाबिगर गाड्या गेटाभायेर जात न्हाईत," डिस्पॅचचे सुदामदादा ओरडले. "आता काय हातानं लिवू?"

"अहो, मला कचरा वाटला," साहेब म्हणाले.

मी हार बाजूला सारला. बुळबुळीत पाकळ्या बोटांना चिकटल्या, सर्व्हरच्या पंख्याच्या जाळीत हळदीचा लगदा बसला होता. तशाच दुसऱ्या सर्व्हरवरून ती फाईल आणून ठेवली आणि पहिलं लेबल बाहेर आलं. साहेबांनी हात जोडले, सर्व्हरला.

"बघा, पूजा फळली!"

तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या जोडलेल्या हातांचीच किळस येते. पुढच्या खंडेनवमीला तेच हात पुन्हा सर्व्हरमधल्या फायली उडवू लागले.