मुंबईची दुसरी चिठ्ठी

मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं, आणि मी ते दहा महिने लोकरी कोटाच्या आतल्या खिशात दडवून ठेवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी ज्याच्या-त्याच्यावर चिडलेला दिसेन. खरा अपराधी कोण, ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

माझी थोरली बहीण, आमची जिजी, विधवा झाल्यापासून बुऱ्हाणपुरात माझ्याकडेच राही. तिच्या कानांत सतत शिट्टी वाजे. वैद्याने सांगितलेलं, लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून घातलं की तिची दुपार जरा बरी जाई. मी इंग्रजी शाळेत मास्तर. वर्तमानपत्रात वाचलं, की मुंबईचे एक डॉक्टर कानामागे विजेचा प्रवाह सोडून असा आवाज घालवण्याचे प्रयोग करताहेत. लगेच पत्र टाकलं. उत्तर आलं : प्रयोग चालू आहेत, निकाल कळवू, तोवर कानात काहीही घालू नये.

मी तेलाची वाटी उचलून मोरीत ओतली आणि ओट्यावरून साऱ्या गल्लीला ऐकवलं, "आता लसूण-बिसूण बंद! आमच्या जिजीला विजेनं बरं करणार!"

पौषात दुसरं पत्र आलं. विजेने आवाज कमी झाला नाही, काहींचा उलट वाढला, प्रयोग थांबवले आहेत. मला डॉक्टरांचा संताप आला, वर्तमानपत्राचा आला, आणि वैद्याचा सर्वांत जास्त, कारण आता तो हसणार होता. जिजीला मी काहीच सांगितलं नाही.

ती वाट पाहत राहिली. टपालवाल्याच्या वेळेला ओट्यावर येऊन बसे. फारच असह्य झालं की गावाच्या जुन्या भुयारी कालव्यावरच्या कुंडीच्या, म्हणजे विहिरीसारख्या तोंडाच्या, काठी जाई. खालच्या वाहत्या पाण्याच्या आवाजात कानातली शिट्टी थोडी बुडे. तेलाला मात्र शिवली नाही. "डॉक्टरनं मना केलंय," म्हणे.

"भाऊ, चिठ्ठी?" रोज विचारी.

"आली की सांगेन ना! किती डोकं खाशील?" मी खेकसे. तिच्यावर ओरडलं की माझी लाज तेवढ्यापुरती दबे.

थंडीच्या तोंडावर तिने लोकरी कपडे उन्हात घातले. शाळेतून आलो तर ती ओट्यावर दोन कागद घेऊन बसलेली.

"हे पहिलं, माझ्या पेटीत जपलेलं. हे तुझ्या कोटातलं. वरची छापील अक्षरं तीच. वाच."

वाचलं, मराठीत सांगितलं. आणि घाईघाईने डॉक्टरांनाच शिव्या घालू लागलो.

"त्या बिचाऱ्यानं तर कळवलं," ती कडाडली. "मधे तू बसलास! तेल तरी घातलं असतं मी. दहा महिने शिट्टी ऐकली, ती तुझी इज्जत राहावी म्हणून?"

शेजारपाजारची दारं उघडली. मी आत गेलो, लसूण ठेचला, तेल कढवून कोमट होऊ दिलं आणि वाटी घेऊन बाहेर आलो.

"जिजी, चुकलं," मी पुटपुटलो.

"ऐकू नाही आलं. तेल ओतलंस त्या दिवशी बोलला होतास तसा बोल."

गल्ली बघत होती. मी ओरडूनच म्हणालो, "जिजी, चिठ्ठी मी लपवली! माझं हसं होईल म्हणून तुला त्रास भोगायला लावला. मला माफ कर."